डब्यातले सोंडे आणि खाचरातला खोडकिडा

प्रश्न : माझं माहेर पवन मावळातलं. दिवाळीनंतर भाऊ घरचा इंद्रायणी तांदूळ आणून देतो. उन्हाळा लागला की त्यात हमखास सोंडे होतात. मॉलमधून आणलेल्या पाकिटातल्या तांदळाला मात्र वर्षभर काही होत नाही. शेजारच्या ताई म्हणतात, तो तांदूळ 'बीटी' असतो, किडे मारायचं औषध दाण्यातच भरलेलं असतं. भाऊ म्हणतो, असं बियाणं निघालं असेल तर आम्हाला आधी द्या, खोडकिड्यानं यंदा लोंब्याच्या लोंब्या पांढऱ्या पडल्या. यात खरं काय? असा तांदूळ खरंच निघालाय का, खाल्ला तर चालतो का, आणि चालत असेल तर मावळात का मिळत नाही?
– एक वाचक, पिंपळे गुरव

उत्तर : तुमच्या पत्रात दोन निराळ्या किडी एकत्र आल्या आहेत. एक तुमच्या डब्यातली, दुसरी भावाच्या खाचरातली. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि एकीवरचा इलाज दुसरीला लागू पडत नाही. शेजारच्या ताईंच्या शंकेचे उत्तर मात्र लगेच देता येते. बीटी भाताच्या एकाही वाणाला भारतात लागवडीची किंवा विक्रीची परवानगी मिळालेली नाही. आपल्या देशात व्यापारी लागवडीत असलेले जनुक बदललेले पीक एकच, ते म्हणजे कापूस. तेव्हा पाकिटातला तांदूळ टिकतो त्याचे कारण दुसरीकडे शोधायला हवे.

आधी डब्याकडे पाहू. सोंडा म्हणजे तीन-चार मिलिमीटर लांबीचा काळपट तपकिरी भुंगेरा. पुढे सोंडेसारखे निमुळते तोंड आणि पाठीवर तांबूस रंगाचे चार पुसट ठिपके. भिंगाखाली धरला तर छान दिसतात. मादी या सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडे घालते आणि चिकट स्रावाने भोक बुजवते. अळी दाण्यातच वाढते, तिथेच कोषात जाते आणि भुंगेरा होऊन दाणा पोखरत बाहेर पडते. उबदार, दमट हवेत हे सगळे महिना-सव्वा महिन्यात उरकते. त्यामुळे डबा कितीही घट्ट लावला तरी सोंडे आपोआप झाल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात ते गिरणीत, पोत्यात किंवा कणगीत असताना घातलेल्या अंड्यांतून निघालेले असतात. मूठभर तांदूळ पाण्यात टाकून बघा, आतून पोखरलेले दाणे वर तरंगतील.

पाकिटातल्या तांदळाची गोष्ट यापेक्षा साधी आहे. मोठ्या गिरणीत तो नीट वाळवलेला असतो आणि भरपूर पॉलिश केलेला असतो, म्हणजे किडीला आवडणारा कोंडा आणि अंकुर दोन्ही गेलेले असतात. गोदामात धुरी दिलेली असते, तिने दाण्याच्या आतली अंडीसुद्धा मरतात. वरून हवाबंद पाकीट, त्यामुळे नवा सोंडा शिरायला वाट नाही. भावाचा तांदूळ कमी पॉलिशचा असतो. त्याचा वास आणि चव ज्या थरामुळे टिकून राहते तोच थर सोंड्यालाही हवा असतो. धुरीच्या त्या गोळ्या बाजारात मिळतात म्हणून कुणी घरी आणू नयेत. त्यांतून फॉस्फिन नावाचा जीवघेणा वायू निघतो आणि बंद खोलीत माणसे दगावतात. घरासाठी चांगली रीत म्हणजे भावाला सगळे भात एकदम भरडू देऊ नका. टरफलासकट ठेवलेल्या भाताला सोंडे सहसा लागत नाहीत, कारण टरफल शाबूत असेल तर त्यांना आत शिरता येत नाही. दोन-तीन महिन्यांना पुरेल तेवढेच भरडून आणावे.

तांदळात कधी कधी जाळी धरते, दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. ते काम सोंड्याचे नाही. करड्या रंगाच्या एका छोट्या पतंगाची अळी ती जाळी विणते. शास्त्रज्ञ त्या पतंगाला कॉर्सायरा म्हणतात. घरात नकोसा झालेला हा पतंग कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत मुद्दाम पाळतात, हे कळल्यावर तुम्हाला नवल वाटेल. धान्याच्या भरड्यावर त्याची पैदास करतात, त्याची अंडी कागदाच्या पट्टीवर चिकटवतात आणि त्यांवर ट्रायकोग्रामा नावाची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी गांधीलमाशी सोडतात. ती त्या अंड्यांत आपली अंडी घालते. मग ही पट्टी, म्हणजे ट्रायकोकार्ड, शेतात लावतात. त्यातून बाहेर पडलेल्या माश्या भातावरच्या किडींची अंडी शोधून संपवतात. तुमच्या भावाचा शत्रू, पिवळा खोडकिडा, त्यांतलाच एक.

आता खाचरात उतरू. खोडकिड्याची मादी म्हणजे पिवळसर पंखांचा पतंग. दोन्ही पुढच्या पंखांवर एकेक काळा ठिपका असतो. पानाच्या शेंड्याजवळ ती अंड्यांचा पुंजका घालते आणि मातकट पिवळ्या लवेने झाकून ठेवते. आठवडाभरात अळ्या बाहेर पडतात, काही रेशमाच्या धाग्याला लटकून वाऱ्याबरोबर शेजारच्या चुडावर जातात, आणि प्रत्येक अळी एकेका फुटव्याच्या खोडात शिरते. पीक लहान असेल तर मधला पोंगा वाळतो. याला गाभेमर म्हणतात. तो वाळलेला पोंगा चिमटीत धरून वर ओढला तर अलगद निघून येतो आणि त्याचे बूड कुरतडलेले दिसते. पीक पोटरीत असताना अळी शिरली तर लोंबी बाहेर येते खरी, पण तिला खालून अन्न पोचत नाही. ती पांढरीफटक, ताठ उभी राहते आणि आत दाणा भरत नाही. शेतकरी तिला पळिंज म्हणतात. भावाने पाहिलेल्या पांढऱ्या लोंब्या त्याच.

फवारणी करूनही खोडकिडा का आटोक्यात येत नाही, हे इथेच कळते. अंड्यातून निघाल्यापासून खोडात शिरेपर्यंतचा काळ अगदी थोडा असतो. त्यानंतर अळी आतून कडी लावून बसल्यासारखी असते. बाहेरून मारलेले औषध पानावर पडते, पावसाने धुऊन जाते, आणि मावळातल्या श्रावणसरींत फवारणीला कोरडा दिवस मिळणेही कठीण. पांढरी लोंबी दिसल्यावर फवारलेल्या औषधाने तर काहीच हाती लागत नाही. जे नुकसान व्हायचे ते आधीच होऊन गेलेले असते.

मग खोडकिड्याला दाद न देणारे वाण संकर करून का काढले नाही, असा प्रश्न साहजिकच पडेल. मावळाला संकर नवा नाही. तुमचा इंद्रायणी हाच मुळी संकराचा. अंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने तो तयार केला आणि १९८७ साली लागवडीला दिला. अंबेमोहराचा वास आणि आयआर-८ चे उत्पन्न, असे दोन्ही गुण एकत्र आणायचे होते, आणि दोन्ही गुण भातात मुळातच होते. संकराची मर्यादाही हीच. जो गुण भाताच्या कुळात नाही तो संकराने आणता येत नाही. विदर्भात, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर पट्ट्यात गादमाशीचा उपद्रव मोठा. तिला तोंड देणारे जुने वाण सापडले, त्यांच्या संकरातून टिकाऊ वाण निघाले. तपकिरी तुडतुड्यांच्या बाबतीतही तसेच झाले. खोडकिड्यासाठी मात्र जगभर हजारो वाण तपासूनही पक्का प्रतिकार करणारा भात हाती लागला नाही. मिळाला तो मध्यम, भरवशाचा नव्हे. म्हणून शास्त्रज्ञांना भाताच्या कुळाबाहेर पाहावे लागले.

ते पोचले एका मातीतल्या जिवाणूपर्यंत. रेशमाच्या किड्यांना मारणारा हा जिवाणू जपानमध्ये शिगेताने इशिवातारी यांनी १९०१ साली पाहिला होता. पुढे जर्मनीतल्या थुरिंगिया भागात, पिठातल्या पतंगाच्या अळीत अर्न्स्ट बर्लिनर यांना तो १९११ मध्ये सापडला, आणि त्या प्रदेशावरून त्याला बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे नाव मिळाले. बीटी म्हणजे हाच. हा जिवाणू स्फटिकासारखे एक प्रथिन तयार करतो. पतंगाच्या अळीने ते खाल्ले की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ते विरघळते, तिथली विकरे त्याचा एक तुकडा तोडून त्याला कार्यक्षम करतात, आणि तो आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहींना चिकटून भोके पाडतो. अळीचे खाणे थांबते आणि दोन-तीन दिवसांत ती मरते. या जिवाणूची पावडर करून पिकांवर फवारण्याची पद्धत कित्येक दशकांची आहे, आणि सेंद्रिय शेतीतही ती चालते.

फवारलेली पावडर खोडाच्या आत पोचत नाही. ते प्रथिन भातानेच आपल्या खोडात तयार केले तर? बीटी भातामागची कल्पना एवढीच. त्यासाठी दाण्यातल्या अंकुराच्या पेशी काचेच्या बशीत वाढवतात. त्यांत जिवाणूचे ते जनुक सोडतात. हे काम कधी अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाच्या दुसऱ्या जिवाणूकडून करून घेतात, तर कधी जनुक चिकटवलेले सोन्याचे सूक्ष्म कण वेगाने पेशींवर मारतात. ज्या पेशींनी जनुक स्वीकारले त्यांच्यापासून रोपे वाढवतात, शेकडो रोपांतून नीट वागणारे एखादेच निवडतात, आणि पुढे कित्येक पिढ्या ते तपासतात. जिवाणूचे जनुक जसेच्या तसे घातले तर भाताला ते नीट वाचता येत नाही. म्हणून प्रथिन तेच ठेवून जनुकाची लिहिण्याची पद्धत बदलावी लागली. जपानी शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये असा भात करून दाखवला. आपल्याकडे कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये आयआर-६४ या वाणावर असेच काम झाले आणि १९९७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. तेव्हा शेजारच्या ताईंना सांगा की दाण्यात कुणी औषध भरत नाही. ज्या रोपात हे जनुक असते ते रोप आपले प्रथिन स्वतःच बनवते.

खाल्ले तर चालते का? अळीला मारणारे ते आपल्यालाही मारेल, ही भीती समजण्यासारखी आहे, पण इथे ती लागू होत नाही. आपल्या जठरातला रस आम्लधर्मी असतो. त्यात हे प्रथिन डाळीतल्या प्रथिनासारखे पचून जाते. ज्या ग्राहींना ते चिकटते ते माणसाच्या आतड्यात नसतात. शिवाय भात शिजवताना उष्णतेनेच प्रथिनाची घडण मोडते. चीनमधल्या 'हुआहुई-१' या बीटी भाताचे कागदपत्र तपासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये आपल्याला आणखी काही विचारायचे नाही असे कळवले. आपल्या घरांतही सरकीचे तेल, फरसाण, वनस्पती तूप या वाटेने बीटी कपाशीचा अंश पूर्वीच शिरला आहे, फक्त तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. मला स्वतःला या एका प्रथिनाच्या खाण्याबद्दल चिंता वाटत नाही. मात्र हा निर्वाळा त्या एकाच प्रथिनापुरता. तुडतुड्यांसाठी बोस इन्स्टिट्यूटमध्येच लसणातल्या एका प्रथिनाचे जनुक भातात घालून पाहिले आहे. ते प्रथिन वेगळ्या कुळातले, त्याची तपासणी वेगळी, त्याचा निकालही वेगळा. 'जनुकीय पीक चांगले की वाईट' असा सरसकट प्रश्न विचारला की उत्तर चुकलेच म्हणून समजा.

लसणाचे जनुक कशाला, बीटी पुरत नाही का? नाही पुरत. बीटी कपाशीत आणि बहुतेक बीटी भातात वापरलेले प्रथिन पतंगांच्या अळ्यांवर चालते, म्हणजे खोडकिडा आणि पाने गुंडाळणारी अळी यांवर. तपकिरी तुडतुडा रस शोषतो, त्याचे कूळ वेगळे. गादमाशी ही माशी, तिचे कूळ आणखी वेगळे. आणि तुमच्या डब्यातला सोंडा भुंगेऱ्यांच्या कुळातला. उद्या भावाने बीटी इंद्रायणी लावला तरी तुमच्या डब्यात सोंडे होतच राहतील.

आता मुख्य प्रश्न. भात तयार आहे, खोडकिडा मरतो, मग तो मावळात का नाही? जगात कुठे आहे ते आधी पाहू. इराणमध्ये २००४-०५ च्या सुमारास थोड्या क्षेत्रावर लागवड झाली आणि मग थांबली. चीनने २००९ मध्ये दोन वाणांना सुरक्षिततेची प्रमाणपत्रे दिली; २०१४ मध्ये ती संपली, पुन्हा मिळाली, पण शेतात व्यापारी लागवड सुरू झाली नाही. आपल्याकडे जालन्याच्या महिको कंपनीने बीटी भाताच्या चाचण्या घेतल्या. ऑक्टोबर २००६ मध्ये हरियाणात कर्नालजवळ त्यांतला एक प्लॉट आंदोलक शेतकऱ्यांनी जाळला. बासमतीच्या पट्ट्यात चाचण्या नकोत अशी मागणी तांदूळ निर्यातदारांनीही केली, कारण युरोपातला ग्राहक असा तांदूळ घेत नाही. त्याच कंपनीच्या बीटी वांग्याला केंद्रातल्या समितीने हिरवा कंदील दाखवला, पण ९ फेब्रुवारी २०१० रोजी पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते थांबवले. त्यानंतर चाचणीलाही राज्य सरकारची ना-हरकत लागू लागली. महाराष्ट्राने २०१४ मध्ये भातासह काही पिकांच्या चाचण्यांना ती दिली, पण गोष्ट चाचण्यांपुढे सरकली नाही. जून २०२१ मध्ये भारतातून गेलेल्या तुकडा तांदळाच्या पिठात जनुक बदललेल्या भाताचा अंश सापडल्याचे युरोपात जाहीर झाले आणि काही गोळ्या-चॉकलेटे बाजारातून परत घ्यावी लागली. त्या वेळीही आपल्या सरकारने सांगितले की भारतात अशा भाताची व्यापारी लागवड होत नाही.

या सगळ्या घडामोडींपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती कपाशीची शिकवण, आणि ती मराठी शेतकऱ्याने स्वतः अनुभवली आहे. बीटी कपाशीला २६ मार्च २००२ रोजी मंजुरी मिळाली. पहिली काही वर्षे अमेरिकन बोंडअळीचा बंदोबस्त फार चांगला झाला, फवारण्या घटल्या. २००६ मध्ये दोन जनुकांचे बियाणे आले. तरीही गुलाबी बोंडअळीने आधी एका जनुकाला आणि मग दुसऱ्यालाही दाद देणे सोडले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने बोंडेच्या बोंडे पोखरली. अमेरिकन बोंडअळीला मात्र तसे सहज जमले नाही. हा फरक का पडला?

अमेरिकन बोंडअळी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते. बीटी नसलेल्या या पिकांवर तिची साधी, बीटीला बळी पडणारी प्रजा वाढत राहते आणि कपाशीवर तगून राहिलेल्या थोड्या किडींशी तिचा संकर होतो. त्यामुळे प्रतिकारशक्ती पातळ होत जाते. गुलाबी बोंडअळी मुख्यतः कपाशीवरच जगते. सगळी कपाशी बीटी झाली की जिला बीटी पचते तीच उरते आणि तिचीच प्रजा वाढते. यासाठीच बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधे बियाणे दिले जाई. ते शेताच्या कडेने लावायचे, म्हणजे साध्या अळ्यांना आसरा मिळतो. फारच थोड्या शेतकऱ्यांनी ते लावले. त्यांना दोष देण्यापूर्वी हेही पाहावे लागेल की चार ओळी अळीच्या हवाली का करायच्या, हे त्यांना नीट समजावून कुणी सांगितले होते?

पिवळा खोडकिडा या बाबतीत गुलाबी बोंडअळीचा भाऊ शोभतो. तो जवळजवळ फक्त भातावरच जगतो. मावळात एका शेतकऱ्याची दहा-वीस गुंठ्यांची खाचरे बांधाला बांध लागून असतात. तिथे साध्या भाताची आसऱ्याची पट्टी कोण ठेवणार, आणि शेजाऱ्याने ठेवली नाही तर आपण का ठेवायची? याची सोय केल्याशिवाय बीटी भात आणला तर काही हंगाम आनंदाचे जातील आणि मग कपाशीचीच कथा पुन्हा घडेल. हे फक्त परक्या जनुकांपुरते आहे असेही नाही. तुडतुड्यांना टिकणारे आयआर-२६ हे वाण १९७३ मध्ये साध्या संकरातून आले होते. दोन-तीन वर्षांतच इंडोनेशियात तुडतुड्यांनी त्यावर मात केली. जनुक जिवाणूचे असो वा भाताचे, एकाच जनुकावर सगळी मदार ठेवली की कीड वाट काढते.

दुसरी काळजी आपल्या मातीची आहे. कापूस आपल्याकडे परदेशी जातींचा अधिक. भात मात्र या भूमीतच रुजलेला, आणि त्याचे रानटी भाऊबंद अजून पाणथळीत उगवतात. ऋषिपंचमीला नांगर न लावता उगवलेले धान्य खायचे म्हणून आपण देवभात आणतो, तो त्यांच्यातलाच. भात स्वतःच्याच परागाने फळतो, बाहेरचा पराग क्वचितच लागतो, शेकड्याला एकाहूनही कमी. पण कमी म्हणजे कधीच नाही असे नव्हे. किडीपासून बचावाचे जनुक रानटी भातात गेले तर त्या गवताला जोर चढेल का, तो भात खाचरात तणासारखा माजेल का, हे आपल्या हवेत, आपल्या पाणथळीजवळ तपासूनच सांगता येईल. चीनमध्ये असे अभ्यास झाले आहेत, पण मावळ-कोकणातला देवभात चीनमध्ये नाही.

आणखी एक गोंधळ टाळा. मे २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी 'डीआरआर धान १०० (कमला)' आणि 'पुसा डीएसटी राइस १' हे दोन वाण जाहीर केले, तेव्हा अनेकांना वाटले की बीटी भात आला. ते वाण जनुक-संपादित आहेत. त्यांत दुसऱ्या जिवाचे जनुक घातलेले नाही, भाताच्याच जनुकात बारीक बदल केला आहे. एकाचा उद्देश जास्त उत्पन्न आणि लवकर तयार होणे, दुसऱ्याचा दुष्काळ आणि खारपट जमीन सोसणे. खोडकिड्याशी दोघांचाही संबंध नाही.

माझे मत विचाराल तर बीटी भाताचा अभ्यास थांबवू नये. खोडकिड्याला भाताच्या कुळात उत्तर नाही, आणि विषारी फवारण्यांनी शेतकऱ्याचे अंग आणि ओढ्याचे पाणी बिघडते, हेही खरे दुखणे आहे. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरता येत नाही. पण चाचण्या सरकारी संशोधन केंद्रांनी कराव्यात, वडगाव आणि कर्जतसारख्या भाताच्या गावी कराव्यात, निकाल मराठीत सर्वांसमोर ठेवावेत आणि आसऱ्याच्या पट्टीची सोय लागवडीच्या आधी ठरवावी. एवढे होईपर्यंत घाई नको.

भावाने मात्र त्याची वाट पाहत बसू नये. येत्या हंगामात दाढ उपटल्यावर आवणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून बांधाबाहेर नष्ट करावेत. अंड्यांचे पुंजके शेंड्यांवरच असतात, ते तिथेच संपतात आणि खर्च एका पैचाही नाही. खाचरात कामगंध सापळे लावून नर पतंग पकडावेत. पाहणीपुरते हेक्टरी पाच, आणि पतंग मोठ्या प्रमाणावर पकडायचे तर वीस. पतंग दिसू लागले की ट्रायकोकार्ड लावावीत. शंभर फुटव्यांत पाचाहून जास्त गाभेमर दिसले तरच औषधाचा विचार करावा, तोही कृषी सहायकाला विचारून. आणि कापणी जमिनीलगत करावी, ओल आहे तोवर नांगरून धसकटे वेचावीत, कारण पुढच्या वर्षीचा खोडकिडा त्या धसकटांतच झोपलेला असतो. हे काम एकट्याच्या खाचरात करून भागत नाही, बांधाला बांध असलेल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात करायला हवे. तेव्हा हे उत्तर त्यांना वाचून दाखवा आणि आवणीच्या आधी गावात एक बैठक घ्यायला सांगा.